समाजमाध्यमांवरील खाते : चोरी, पुनर्प्राप्ती आणि पहारा

(ऊर्जानगर येथे कार्यकर्ते व कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



२१ सप्टेंबर २०२५ हा रविवार होता. आशिया चषक स्पर्धेत त्याच दिवशी भारत-पाकिस्तान सामना होता. राज्याचे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या ‘एक्स’ या माध्यमावरील खात्यावर त्या दिवशी अकस्मात पाकिस्तान आणि तुर्कस्तान यांच्या ध्वजांची चित्रे झळकली. सायबर पोलिसांना तत्काळ कळविण्यात आले, खाते सांभाळणाऱ्या चमूने धावाधाव केली आणि साधारण पाऊण तासाच्या आत ते पुन्हा ताब्यात आले. वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी ध्वजांची बातमी दिली. मला मात्र त्या पाऊण तासाचे अधिक महत्त्व वाटते. खाते परत आले, कारण ते कुणाचे काम आहे हे आधीच ठरलेले होते. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा चमू आहे? रात्री साडेदहा वाजता तुमच्या पत्नीच्या खात्यावरून तिच्या माहेरच्यांकडे पैशांची मागणी होऊ लागली, तर पहिला फोन कुणी, कुणाला करायचा, हे ठरलेले आहे काय?

आमच्या पत्रकारितेत एक प्रसंग अद्याप सांगितला जातो. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे ट्विटर खाते चोरांच्या हाती गेले आणि व्हाइट हाऊसमध्ये स्फोट होऊन राष्ट्राध्यक्ष ओबामा जखमी झाल्याचे एकच वाक्य त्यावरून प्रसृत झाले. अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटांत कोसळला आणि खुलासा होताच सावरला. वृत्तसंस्थेचे नाव होते म्हणून ते वाक्य खरे मानले गेले. चोराला हवे असते ते हेच नाव. तुमच्या नावावर बाजार कोसळणार नाही. पण तुमची मावशी वीस हजार रुपये पाठवील, आणि ते तिच्या औषधोपचारांचे असू शकतात.

प्रथम एक गल्लत दूर करतो. “माझे फेसबुक हॅक झाले” असे सांगत येणाऱ्या पुष्कळांचे खाते हॅक झालेलेच नसते. कुणीतरी त्यांचे छायाचित्र आणि नाव उचलून दुसरे, बनावट खाते उघडलेले असते. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधिकारी यांच्या नावांनी अशी खाती उघडली गेली आहेत. येथे पासवर्ड बदलून काहीही साधत नाही. त्या बनावट खात्यावर जाऊन तोतयेगिरीची तक्रार नोंदवायची, दहा-वीस परिचितांनाही ती करावयास सांगायची आणि आपली मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी व्यवस्था करायची. चोर याच यादीतून पुढची सावजे निवडतो.

खरी चोरी निराळी. ती बहुधा बोलण्यातून होते. जुलै २०२० मध्ये ओबामा, बायडन, बिल गेट्स, इलॉन मस्क यांच्यासारख्यांची ट्विटर खाती एकाच दिवशी हाती घेणाऱ्या टोळीचा सूत्रधार अमेरिकेतील टाम्पा येथील सतरा वर्षांचा मुलगा होता. त्यांनी कोणतेही गूढ गणित सोडविले नव्हते. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फोन करून भुलविले होते. आपल्याकडे हाच खेळ “काकू, चुकून माझा सहा अंकी नंबर तुमच्या मोबाईलवर आला, तेवढा सांगता का?” अशा गोड आवाजात चालतो. तो नंबर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या दाराची किल्ली. दुसरा प्रकार ‘पार्सल आले आहे, स्टार ४०१ स्टार आणि हा नंबर दाबा’ असे सांगण्याचा. ते दाबले की तुमचे फोन चोराकडे वळतात आणि पडताळणीचा सांकेतिक क्रमांक सांगणारा फोनही तोच ऐकतो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतांद्वारे फोन वळविण्याची सोय थांबविण्याचे आदेश दिले, ते याच कारणाने.

तिसरा प्रकार अधिक कावेबाज आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने त्याविषयी सावध केले. “हा तुमचाच फोटो आहे ना?” असा दुवा येतो, त्यावर मोबाईल क्रमांक आणि एक संकेत भरायला लावतात, आणि चोराचा संगणक तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपला जोडला जातो. तुमचा फोन पूर्ववत चालू राहतो, म्हणून संशयही येत नाही; सर्व संभाषण मात्र दुसरीकडे वाचले जात असते.

आता, खाते गेलेच तर काय करावे? व्हॉट्सअ‍ॅप गेले असेल तर आपल्याच फोनवर आपला क्रमांक पुन्हा नोंदवावा. एसएमएसने सहा अंक येतात. ते भरताच चोर बाहेर फेकला जातो. चोराने दरम्यान स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर आपल्याला सात दिवस थांबावे लागते. याने घाबरू नये. एसएमएसचे अंक आपण भरलेले असल्यामुळे त्या सात दिवसांत चोरही आत नसतो. जोडलेल्या संगणकाचा संशय असेल तर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी उपकरण काढून टाकावे.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची गोष्ट ई-मेलपासून सुरू होते. चोर आत शिरला की प्रथम तुमचा ई-मेल पत्ता बदलतो. तसा बदल झाल्याची सूचना जुन्या पत्त्यावर येते आणि तो रद्द करण्याचा दुवा तिच्यात असतो. म्हणजे ई-मेल हातात असेल तर निम्मे काम झाले, आणि तोही गेला असेल तर आधी तो सोडवायचा. गूगलच्या खात्यात चोराने तुमचा पर्यायी क्रमांक बदलला, तरी सात दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावरून ओळख पटविण्याची संधी मिळू शकते. पुनर्प्राप्तीचा प्रयत्न नेहमीच्याच फोनवरून, नेहमीच्याच ठिकाणाहून करावा. यंत्रणा त्यावरूनही माणूस ओळखते. दोन्ही माध्यमांच्या संकेतस्थळाच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन ‘हॅक्ड’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की मदतीचे पान उघडते. “मी तुमचे खाते परत मिळवून देतो, दोन हजार पाठवा” असे म्हणणारे तज्ज्ञ समाजमाध्यमांवर पैशाला पासरी भेटतील. तो चोरीचाच दुसरा अंक समजावा.

खाते परत आले की बहुतेक जण पासवर्ड बदलून सुटकेचा निःश्वास टाकतात. येथेच फसगत होते. केंद्रातून ठेकेदार निघून गेल्यावर त्याच्या माणसांचे गेटपास रद्द केले नाहीत तर काय होईल, हे ऊर्जानगरला सांगायला नको. चोर जाताना स्वतःचा एखादा क्रमांक किंवा पत्ता खात्याला जोडून ठेवतो. ई-मेलमध्ये तो असा नियम घालून ठेवतो की येणारे प्रत्येक पत्र गुपचूप त्याच्याकडेही जावे. संस्थेचे पान असेल तर त्याचा एखादा साथीदार तेथे व्यवस्थापक म्हणून बसलेला असतो. हे सर्व एकेक करून तपासावे आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरल्यावरच नवा पासवर्ड घालावा.

संस्थांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या गणेश मंडळाचे, वाचनालयाचे, भजनी मंडळाचे पान कुणा उत्साही तरुणाने स्वतःच्या क्रमांकावर उघडलेले असते. त्याची कोराडीला नाहीतर परळीला बदली होते, जुना क्रमांक बंद पडतो. बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. म्हणजे संस्थेच्या पानाची किल्ली कुणा परक्याच्या खिशात गेली! पाळी बदलताना आपण लॉगबुकात नोंद करून चार्ज देतो. पानाचे व्यवस्थापक निदान दोन असावेत आणि पदाधिकारी बदलताच त्यांचीही नोंद बदलावी, इतकी शिस्त अशक्य नाही. घरातही तेच. आजोबांचे खाते नातवाच्या ई-मेलवर, आईचे सिम मामाच्या नावावर. संकटकाळी आपण कोण हे सिद्ध करणेच कठीण होऊन बसते. आपल्या नावावर किती क्रमांक आहेत, हे ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते.

प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. त्या वेळी मिळणारे पर्यायी संकेत कागदावर लिहून, विम्याची कागदपत्रे ठेवतो त्या पेटीत ठेवावेत. पुष्कळांना हा जुनाट उपाय वाटतो. मला तो सर्वोत्तम वाटतो, कारण दूर बसलेल्या चोराला कपाटातील कागद वाचता येत नाही.

आणि बोलावे. या वसाहतीत बिबट्या दिसला तर पाच मिनिटांत सगळ्या क्वार्टरांना कळते. पाहणाऱ्याला त्यात कसला संकोच वाटत नाही. खाते चोरीला गेले की मात्र माणसे, विशेषतः आपल्या भगिनी, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प राहतात आणि तेवढ्या अवधीत चोर पन्नास घरे गाठतो. ११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांचा फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप हॅक झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या माध्यमावरून तत्काळ जाहीर केले की, मला फोन वा संदेश करू नका. राजकीय मतभेद बाजूला ठेवून ही रीत उचलण्यासारखी आहे. तुम्ही फोन करा, शेजाऱ्याच्या फोनवरून करा, कुटुंबाच्या गटात कुणाकडून तरी लिहवून घ्या.

पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता येते. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा दुर्गापूर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. त्यापूर्वी पडद्याची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. खाते मिळाल्याच्या आनंदात लोक चोराचे संदेश पुसून टाकतात आणि पुरावाही त्यासोबत जातो. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क (इंग्रजी ‘सी’) खाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे. माध्यम कंपनी दाद देत नसेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. तेथेही समाधान झाले नाही, तर २०२३ मध्ये केंद्राने नेमलेल्या अपील समित्या आहेत.

माझ्याकडे अजून पंधरा मिनिटे आहेत. प्रश्नोत्तरांपूर्वी सर्वांनी आपापले मोबाईल बाहेर काढावेत. व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. ज्यांना तेथे अनोळखी नाव दिसेल, त्यांनी संकोच न करता हात वर करावा.