उत्साह ओसरल्यावर

आषाढी वारीहून परतलेली श्री गजानन महाराजांची पालखी अखेरच्या दिवशी खामगावहून शेगावला निघते, तेव्हा सोबत हजारो माणसं चालतात. अंतर १६-१७ किलोमीटर. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी काढणारे त्यात असतात! वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, सोबत भरपूर. आज जावं की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तो प्रश्न परत येतो. म्हणून रोजच्या चालण्यालाही वेळ नेमून द्या. सकाळचा चहा झाला की चपला पायात, अशी नवी सवय जुनीला बांधून टाका. शेजारच्या काकांना सोबत घ्या. ते दारात उभे राहिले की अंथरूण सोडावंच लागतं.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, त्यावर फार विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांच्या २०१० सालच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं मात्र फारसं बिघडलं नाही.

सोयाबीनच्या सोंगणीत खाडा होणारच. दिवसभर वाकून काम केल्यावर वेगळा व्यायाम कोण करणार? मळणी उरकली की पुन्हा सुरू करा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. गुडघेदुखी किंवा हृदयविकार असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्या.