लुळ्या पायाची नोंद



मूळ पोलिओ विषाणूचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीतला, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातला. मग आजही मुलाचा पाय लुळा पडला, की शौचाचे नमुने का मागतात, असं पालक विचारतात.

त्याचं कारण, नुसता पाय पाहून पोलिओ ओळखता येत नाही. गियाँ-बारे आजारातही पाय असाच ढिला पडतो, मज्जारज्जूला सूज आली तरी पडतो, इंजेक्शन चुकीच्या जागी बसलं तरी पडतो. म्हणून नियम असा, की पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातापायातलं बळ अचानक गेलं, तर कारण काहीही वाटो, कळवायचंच.

पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो. लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेतात. उशीर झाला की विषाणू हाती लागण्याची शक्यता घटते. घट्ट झाकणाची छोटी डबी, वर नाव आणि तारीख, आणि लगेच बर्फाच्या पेटीत. तापमान 2 ते 8 अंश. लस ज्या थंडाव्यात गावात येते, त्याच थंडाव्यात नमुना प्रयोगशाळेकडे निघतो. विषाणू सापडलाच, तर त्याची जनुकीय रचना वाचून तो कुठल्या भागातून आला तेही कळतं. साठ दिवसांनी मुलाचा पाय पुन्हा तपासतात.

तरीही हे पुरत नाही. लागण झालेल्या साधारण 200 मुलांत एखादंच लुळं पडतं. बाकीची हसतखेळत विषाणू पसरवतात. अशा मुलांकडून पसरणारा विषाणू सापडावा, म्हणून मुंबईत 2001 पासून सांडपाणीही तपासलं जातं. 

पंधरा वर्षांखालच्या लाख मुलांमागे वर्षाला निदान एक लुळेपणा पोलिओशिवाय इतर कारणांनी होतोच. तेव्हा एखाद्या मोठ्या जिल्ह्यातून वर्षभरात एकही नोंद आली नाही, तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते. तिथे आजार नाही असं नव्हे. तिथे कोणी पाहत नाही.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात पोलिओचा विषाणू अजून आहे, आणि तो इथे परत येऊ शकतो. म्हणून आईवडिलांनो, मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर मालिश करत घरी थांबू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, निदान आशाताईंना कळवा, आणि दोन्ही नमुने द्या.