आमचे मामंजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चार माणसांपुढे बोलण्याची मला सवय नाही. पण मंडळाच्या बायका म्हणाल्या, तुझे सासरे एवढे आयुष्य काढून गेले, त्यांच्याविषयी तूच बोल. म्हणून उभी राहिले आहे.

मामंजींना तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. वाडीला ते आबा. 1931 साली जन्मले आणि 2024 साली गेले, म्हणजे वयाची नव्वदी उलटून गेली होती. समाचाराला आलेला जो तो म्हणे, "मोठा संसारी माणूस गेला." ते खरेच आहे. पण त्यांच्या संसाराचा मी एकदा हिशेब मांडला होता, तो आज तुम्हांला सांगते.

मामंजी सतराव्या वर्षी, 1948 साली, जयगडहून बोटीने मुंबईस गेले. आदल्याच वर्षी, 17 जुलै 1947 ला, रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेंच्या वर माणसे गेली होती. मुलाला बोटीत पाऊल टाकू द्यावयाचे नाही म्हणून त्यांच्या आईने दोन दिवस चूल पेटविली नाही. पण घरात खाणारी तोंडे सात आणि घरचा भात पुरे तो शिमग्यापर्यंत. शेवटी तिनेच भाकरी बांधून दिली.

मुंबईत आधी बदली कामगार, मग साचेखात्यात कायम. राहावयास लालबागला गावकऱ्यांची खोली. एका खोलीत पंचवीस माणसे. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन पडे. जेवण खानावळीत. 1954 साली लग्न झाले, तरी सासूबाई गावीच राहिल्या. तशा खोलीत बायकोला न्यावयाचे कोठे? आणि इकडे शेत कोणी बघावयाचे? आपल्या वाडीतल्या किती घरांतून हेच झाले, ते तुम्हांला सांगावयास नको.

ते वर्षातून दोनदा येत, गणपतीला पंधरा दिवस आणि शिमग्याला पंधरा दिवस. 1954 पासून 1982 पर्यंत अठ्ठावीस वर्षे. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत नवराबायको एका घरात राहिली ती अठ्ठावीस महिने! हा हिशेब मी त्यांच्यादेखतच मांडला. मामंजी काही बोलले नाहीत. सासूबाई मात्र हसून म्हणाल्या, "त्यात दोन वर्षं रजा मिळाली नव्हती, ती वजा कर." माझ्या दोन नणंदा आणि आमचे हे, तिघांच्याही जन्माच्या वेळी मामंजी घरी नव्हते.

पण मनीऑर्डर चुकली नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी पोस्टात. कधी तीस रुपये, कधी पस्तीस. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली निरोप लिहावयास बोटभर जागा असे. त्यात त्यांचे सगळे पत्र. 'दाढ भाजून घेणे.' 'धाकटीस खोकला असल्यास रत्नागिरीस दाखविणे.' 'परसातला फणस विकू नये, मी येतो.' सासूबाईंना वाचता येत नव्हते. पोस्टमन वाचून दाखवी आणि तेवढा तुकडा फाडून हातात देई. त्या म्हणत, "आमचा अर्धा संसार पोस्टमनने वाचून दाखवला." असले तुकडे त्यांनी तारेत ओवून ठेवले होते.

मामंजींचे सगळेच गोड होते असे मी म्हणणार नाही. पैशाला फार चिकट. काड्यापेटीतल्या काड्या मोजीत. दोन्ही मुलींना चौथीनंतर शाळेतून काढले ते त्यांच्याच निरोपावरून, गुरांकडे बघावयास माणूस नाही म्हणून. थोरल्या वन्सं अजून ते बोलून दाखवितात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मामंजी वर्षभर वाट पाहत खोलीत राहिले, हमाली केली आणि 1983 च्या शिमग्याला जे ट्रंक घेऊन आले ते परत गेले नाहीत. तेव्हा त्यांचे वय बावन्न. आमच्या ह्यांचे वय सात-आठ. हे सांगतात की, पालखी झाली, शिमगा संपला, तरी बाबा जाईनात, तेव्हा ह्यांनीच आईला विचारले, "हे पाहुणे कधी जाणार?"

मला वाटते, मामंजींचा खरा संसार त्या दिवशी सुरू झाला. माणूस पन्नाशी उलटल्यावर घरात राहावयास शिकला. खानावळीच्या सवयीने जेवल्यावर आपले ताट आपणच विसळीत. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखे होई. त्या म्हणत, "लोक बघतील हो." ते म्हणत, "बघू देत." उठल्याबरोबर अंथरुणाची वळकटी. खोलीत दुसरा माणूस जागेसाठी उभा असे ना! 1990 साली रोजगार हमीतून फळबागेची योजना निघाली, तेव्हा वरकस जमिनीत वेंगुर्ला 4 ची काजूकलमे लावली. पहिले तीन उन्हाळे कावडीने पाणी घातले. आज त्या काजूवर आमचे घर चालते. 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, त्यात फॉर्म भरला होता. नंबर लागला नाही. पण त्याची पावती त्यांनी शेवटपर्यंत जपली.

2007 साली सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ओठ तेवढे हलत, आवाज फुटत नसे. मी कान तोंडाशी नेई तरी कळत नसे. त्या चिडत, मग रडत. आणि मामंजी दारातून नुसते बघत आणि म्हणत, "तिला उशी उंच हवी आहे." "ती विचारते आहे, गाय आली का." मला आधी वाटले, अंदाजाने सांगतात. पण एकदाही चुकेनात. मग विचारले तेव्हा उलगडा झाला. साचेखात्यात शेकडो मागांचा खडखडाट. तेथे शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. सगळे बोलणे ओठांवरून ओळखावयाचे. त्या आवाजाने मामंजींचे कान कायमचे मंद झाले होते. वाडीत त्यांच्या मोठ्याने बोलण्याची नक्कल होई, ती तुम्हांला आठवत असेल. ज्या मागांनी कान नेले त्यांनीच ही विद्या दिली.

सहा वर्षे त्यांनी सासूबाईंचे सगळे केले. वेणीसुद्धा घातली. मी म्हटले, "मामंजी, मी आहे ना, बायकांचे काम मी करते." ते म्हणाले, "तू स्वयंपाक बघ. माझी हजेरी भरावयाची आहे." काही जणांनी बायकोचा गडी म्हणून त्यांची टिंगल केली. ते आज येथे बसलेही असतील. असोत. 2013 साली सासूबाई गेल्या. त्यांच्याशी तासन् तास आवाजावाचून बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

पुढची अकरा वर्षे ते काजूत हिंडले, नातवंडांना पाढे शिकविले. शेवटचे आठ दिवस सोडले तर अंथरुणाला खिळले नाहीत.

ती मनीऑर्डरीच्या तुकड्यांची तार त्यांच्याच ट्रंकेत आहे. कागद पिवळे पडले आहेत, काही वाळवीने खाल्ले आहेत, पण तीनशेच्या आसपास तुकडे अजून वाचता येतात. मंडळातल्या ज्या बायकांचे सासरे, वडील मुंबईस होते त्यांच्याही घरी असे काही असेल, तर पावसाळ्यापूर्वी एकदा उन्हात घाला. आणि आमचे पाहावयाचे असतील तर दुपारी तीननंतर केव्हाही या, मी घरीच असते.