घाटातली सहल
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणी, महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी घाटाने प्रतापगड, अशी आपली सहल ठरते आहे. श्रावणात धबधबे पाहू, असे पुष्कळजणी म्हणतात. माझे मत मार्गशीर्षाचे; गुरुवार तेवढा सोडावा. 2018 च्या जुलैत आंबेनळीतच सहलीची बस दरीत कोसळली. पावसात तिथे दरडी येतात, धुक्यात पुढचे वळण दिसत नाही.

मागच्या खेपेस पहाटे पाचला निघायचे, ते पुऱ्या तळता तळता सात वाजले. (पुऱ्या माझ्याच होत्या!) परतताना घाटात अंधार पडला, ड्रायव्हर घाई करू लागला, आणि मी पदरात तोंड खुपसून बसले. घरी मात्र "मजा आली" म्हणून सांगितले.

यंदा दशम्या आदल्या रात्रीच करून ठेवू. गाडी लागते त्यांनी न लाजता पुढे बसावे. आवळासुपारी मी आणीन. ड्रायव्हरशी वळणावर कोणी बोलू नये. आणि दिवस मावळायच्या आत वाईला उतरायचे. मुंबई पॉइंटचा सूर्यास्त हुकेल, हे मला कळते. तो हवाच असेल त्यांनी महाबळेश्वरला मुक्कामाचा ठराव आजच मांडावा. मी अनुमोदन देईन.