नांव, गांव आणि नंबर

लग्नाची तिथि निश्चित झाली म्हणजे शिरपूरच्या घरांत सोनाराच्या आणि कापडाच्या दुकानाचीही वाट धरण्यापूर्वीं जी वस्तु बाहेर निघे ती नांवांची वही. लांबट आकाराची, लाल कापडी बांधणीची ही वही घरच्या कागदपत्रांबरोबर कपाटांत ठेवलेली असे. मागील लग्नांत कोणीं काय आहेर केला हें जसें तींत लिहिलेलें असे, तशी बोलवावयाच्या माणसांची यादीही असे. ही यादी वर्णानुक्रमानें क्वचितच लावलेली असे. ती गांववार असे. थाळनेरचीं माणसें एका पानावर, चोपड्याचीं दुसऱ्यावर, मग अमळनेर, दोंडाईचें, साक्री, नंदुरबार. कारण उघड आहे. पत्रिका घेऊन निघालेल्या माणसाला वर्णमालेशीं कर्तव्य नव्हतें. एका फेरींत किती घरें उरकतात एवढेंच त्याला पाहावयाचें होतें. यादी कशी लावावी हें ती कशासाठीं लागते यावरून ठरतें, ही गोष्ट त्या वह्या लिहिणारांना कोणीं शिकविलेली नव्हती.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत हीच रीत अधिक काटेकोरपणें पाळलेली दिसते. यात्रेकरू दाराशीं आला म्हणजे उपाध्याय प्रथम आडनांव आणि मूळ गांव विचारतात, आणि थोड्याच वेळांत त्या घराण्यांतील आजोबा-पणजोबांच्या नोंदीचें पान उघडून पुढें ठेवतात. भाऊ किती, मुलें किती, कोण कोठें राहतो, हें त्या पानावर लिहून नवा यात्रेकरू खालीं सही करतो. इतकी जुनी नोंद सांपडते ती केवळ उपाध्यायांच्या स्मरणशक्तीमुळें नव्हे. आडनांव आणि गांव हा शोधण्याचा क्रम पिढ्यान् पिढ्या बदललेला नाहीं, हें त्याचें खरें कारण आहे.

आतां ही वही फोनमध्यें गेली आहे. टेलिफोनच्या पहिल्या यादीची हकीकत मौजेची आहे. २१ फेब्रुवारी १८७८ रोजीं अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं ती प्रसिद्ध झाली. एकच पान, पन्नास नांवें, आणि नंबर एकही नाहीं! केंद्रांत बसलेल्या माणसाला नांव सांगावें, कीं तो जोडून देई. मुंबईंत टेलिफोनचें केंद्र १८८२ सालीं सुरू झालें. तेथून पुढें शंभराहून अधिक वर्षें येथला टेलिफोनधारक नंबर पाठ करीत आला. ३१ जुलै १९९५ रोजीं देशांतील पहिलें मोबाईल संभाषण झालें, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तो पाठ करणें विसरला. व्यवहार फिरून न्यू हेवनच्याच पद्धतीवर आला आहे: नांवावर बोट ठेवावें, नंबर काय तो यंत्राला ठाऊक. एका घरांतील चार माणसांना एकमेकांचे नंबर तोंडपाठ येतात काय, हें आज रात्रीं जेवतांना विचारून पाहण्यासारखें आहे.

अशा स्थितींत नांव कसें लिहिलें आहे याला फार महत्त्व येतें. खानदेशांतील कोणाचाही फोन उघडावा. त्यांत 'आप्पा' चार, 'नाना' तीन, 'जिभाऊ' दोन, आणि 'पाटील' किती याची गणतीच नाहीं. 'पाटील गॅसवाले', 'पाटील नवा नंबर', 'पाटील दोन' असा तो परिवार असतो. फोनच्या धन्यापुरती ही खूण पुरते, कारण कोणता आप्पा कोणता हें त्याला ठाऊक असतें. घोटाळा होतो तो यादी दुसऱ्याच्या हातीं देण्याची वेळ येते तेव्हां. नात्याचा शब्द बोलणाऱ्यागणिक बदलतो. मुलाच्या फोनमधील 'मामा' हा वडिलांचा शालक आणि आजोळच्या आजीचा मुलगा. तीच यादी मुलानें बहिणीच्या सासरीं पाठविली, तर तेथें 'मामा' या नांवाखालीं भलत्याच गृहस्थाची आठवण होते. म्हणून जी यादी चारचौघांत फिरावयाची आहे, तींत नात्याचें नांव मुख्य जागीं नको. स्वतःचें नांव, वडिलांचें किंवा पतीचें नांव, आडनांव आणि गांव, असें शाळेच्या हजेरीपटावर शोभेल असें नांव हवें. नातें लिहावयाचेंच असेल तर त्यासाठीं फोनमध्यें टिपणाची निराळी जागा असते.

स्त्रियांच्या बाबतींत हा दोष अधिक खटकतो. एकाद्या मोठ्या कुटुंबाची यादी पाहावी, तर पुरुषांचीं नांवें पुरीं, आणि बायकांच्या ठिकाणीं 'धाकट्या वहिनी', 'बंटीची आई'. कित्येकदां तिचा स्वतःचा नंबर असूनही यजमानांचाच नंबर तेथें लिहिलेला असतो. मग तिच्या माहेरच्या आजारपणाचा निरोप यजमानांच्या खिशांतून फिरत फिरत, ते कामावरून परतल्यावर तिच्या कानीं पडतो. तोंवर चोपड्याची शेवटची गाडी निघून गेलेली असते. सासरचें आडनांव, माहेरचें आडनांव आणि तिचा स्वतःचा नंबर, एवढ्या तीन गोष्टी एका ओळींत मावतात. त्या न लिहिण्याला आळसाखेरीज दुसरें कारण दिसत नाहीं.

नंबर लिहितांना आरंभीं अधिकचिन्ह आणि ९१ हा देशाचा अंक घालावा, आणि मग दहा अंक. असें केलें म्हणजे दुबईंतील मुलगा असो कीं अमेरिकेंतील भाची असो, तोच नंबर कांहीं फेरफार न करतां तेथूनही लागतो. दुसरी गोष्ट, नांव कोठें सांठविलें जातें याची. जुन्या रीतीप्रमाणें कित्येकजण अद्याप तें सिमकार्डावर ठेवतात. तेथें जागा थोडी. अडीचशें नांवांच्या सुमारास तें बहुधा भरतें, आणि सिम हरवलें कीं सारें गेलें. नुसत्या फोनच्या पोटांत ठेवलेलें नांवही फोनबरोबरच पाण्यांत पडतें. गूगल किंवा अ‍ॅपल यांच्या खात्यावर ठेवलेली यादी मात्र नव्या फोनमध्यें आपोआप उतरते. चुकून नांवें पुसलीं गेलीं, तरी गूगलच्या यादींत ३० दिवसांच्या आंत तीं परत आणतां येतात. ही सोय असतांना नव्या फोनवर रात्रभर बसून हातानें नंबर भरणारे गृहस्थ अजून आढळतात, याचें नवल वाटतें.

गट पाडण्याची सोय दोन्ही जातींच्या फोनांत आहे. अँड्रॉइड फोनवर गूगलच्या यादींत तिला 'लेबल' म्हणतात. एका नांवाला अनेक लेबलें लावतां येतात. थाळनेरचा चुलतभाऊ 'भाऊबंद' या गटांतही असूं शकतो आणि 'थाळनेर' या गटांतही, हें कागदी वहींत दोनदां लिहिल्यावांचून साधत नसे. आयफोनमध्यें अशा याद्या फोनवरच करण्याची सोय २०२२ सालापासून आली. गट किती असावेत? थोडे. 'भाऊबंद', 'सोयरे', 'गल्ली', 'दवाखाना व औषध', 'शेत' एवढे बहुतेक घरांना पुरतात. पंचवीस गट करणारा मनुष्य महिन्याभरानें एकही वापरीत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटतें कीं व्हॉट्सअ‍ॅपचा गट असला म्हणजे यादी झाली. तसें नाहीं. तो गट म्हणजे चावडी आहे. तेथें लोक बोलतात, सुप्रभात घालतात, रुसतात आणि निघून जातात. त्यांत १,०२४ माणसें मावतात खरीं, परंतु कोण कोणाचा कोण हें त्यावरून कळत नाहीं, आणि प्रत्येकाचा नंबर इतर सर्वांना दिसतो. निरोप सर्वांना, पण एकेकट्याला पोंचवावयाचा असेल तर 'ब्रॉडकास्ट' यादी असते. तींत २५६ नांवांची मर्यादा असून, ज्यानें पाठविणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्यें लिहून ठेवला आहे त्यालाच तो निरोप मिळतो. 'पत्रिका मिळाली नाहीं' या तक्रारीच्या मुळाशीं पुष्कळदां हीच गोष्ट असते, आणि दोन घरांत विनाकारण अबोला धरला जातो.

यादी दुसऱ्याला देण्याची रीत सोपी आहे. १९९० नंतरच्या दशकांत 'व्हीकार्ड' नांवाचा एक सर्वमान्य नमुना ठरला. नांव, नंबर, पत्ता यांच्या जागा त्यांत नेमलेल्या असल्यामुळें कोणत्याही कंपनीचा फोन तें कार्ड वाचूं शकतो. एक नांव पाठवावयाचें तर एक कार्ड, आणि गट पाठवावयाचा तर अनेक कार्डांची एक फाईल. मिळालेली फाईल उघडली कीं नांवें फोनमध्यें दाखल होतात. तींच नांवें आधीं असलीं तर दुहेरी होतात, परंतु फोन स्वतःच तीं जुळवून एक करण्याविषयीं विचारतो.

खरी अडचण त्यापुढें आहे. पाठविलेली फाईल ही नक्कल असते. मूळ यादींत उद्यां एक नंबर बदलला, तरी नकलेंत तो जुनाच राहतो. सहा घरांत सहा नकला गेल्या कीं वर्षभरांत सहा निरनिराळ्या याद्या तयार होतात, आणि प्रत्येकजण आपलीच खरी म्हणून भांडतो. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांतील हस्तलिखितें किंवा राजवाडे संशोधन मंडळांतील दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाहीं. एकाच पोथीच्या दोन नकलांत पाठभेद कसे शिरतात हें त्यांना ठाऊक असतें. पोथीच्या पाठभेदावर विद्वानांचा चरितार्थ चालतो. नंबरच्या पाठभेदानें निरोप चुकतो. उपाय जुनाच आहे. मूळ प्रत एकाच्या हातीं असावी, तिच्यावर तारीख असावी, आणि बदल सर्वांनीं त्यालाच कळवावा. ज्या घरांतील मुलें तरबेज आहेत त्यांनीं सर्वांना एकच तक्ता पाहतां येईल असा गूगलवर ठेवावा. मात्र पाहण्याची मुभा सर्वांना आणि लिहिण्याची दोघांनाच, हा नियम सोडूं नये.

'नंबर बदलला, हा नवा लिहून घ्या' असा निरोप परक्या नंबरावरून आला, तर जुन्या नंबरावर बोलून खात्री केल्याखेरीज तो यादींत घालूं नये. अशा निरोपामागून पैशाची मागणी येते आणि भलीं माणसें फसतात. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें लागतें.

यादी देणें सोपें झाल्यामुळें ती कोणाला देऊं नये हा प्रश्न उभा राहिला आहे. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. केवळ घरगुती कामासाठीं माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला तो लागू नाहीं, हें खरें. पण वधूवरसूचक यादी हा घरगुती कामाच्या उंबरठ्यावरचा प्रकार आहे. एकाद्या मुलीचें नांव, शिक्षण, छायाचित्र आणि तिचा स्वतःचा नंबर असें पान शेंकडों अनोळखी फोनांत फिरतें, आणि तें परत घेण्याचा मार्ग कोणाजवळच नसतो. तेथें वडीलधाऱ्याचा नंबर द्यावा, आणि तोही विचारून. कुठलेंही नवें अ‍ॅप उघडतांना संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागितली जाते. तेथें 'हो' म्हणणारा मनुष्य स्वतःची नव्हे, सगळ्या गणगोताची माहिती देऊन बसतो.

आणि तरीही कागद टाकून चालत नाहीं. शिरपूर तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी तापी सारंगखेडें, प्रकाशें करीत उकाईच्या धरणांत जाते आणि तेथून सुरतेस. सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशांतील हजारों कुटुंबें पोटापाण्यासाठीं राहिलेलीं आहेत. ऑगस्ट २००६ मध्यें उकाईंतून सोडलेल्या पाण्यानें सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. वीज गेली, कीं फोनची बॅटरी किती तास टिकणार? बॅटरी संपली म्हणजे खात्यावरील यादी आणि फोनमधील यादी सारखीच मुकी होते. अशा वेळीं शेजाऱ्याचा चालू फोन मिळाला, तरी लावावयाचा नंबर कोणता हें आठवावें लागतें. एका कागदावर मोठ्या अक्षरांत दहा नंबर लिहून, तो कागद प्लास्टिकच्या पिशवींत घालून जवळ ठेवणें हें खेडवळपणाचें लक्षण समजूं नये.

मुंबई-आग्रा महामार्ग शिरपुराजवळून जातो. त्याच मार्गावर तालुक्यांतील पळासनेर येथें ४ जुलै २०२३ रोजीं झालेल्या अपघातांत अनेकांचे प्राण गेले. जखमी माणसाचा फोन बहुधा कुलूपबंद असतो, आणि मदतीला धांवलेल्या वाटसरूला त्यांतील एकही नांव उघडतां येत नाहीं. कुलूप न उघडतां दिसतील असे दोन नंबर आणि रक्तगट लिहून ठेवण्याची सोय आजच्या फोनांत आहे. ती दहा मिनिटांत भरतां येते. प्रवासाला निघणाऱ्या मुलाकडून ती भरवून घ्यावी.

यादींतून नांव काढणें हें सर्वांत अवघड काम. दिवंगत माणसाचा नंबर पुसावयास हात धजत नाहीं. परंतु बंद झालेला नंबर निदान ९० दिवस राखून पुढें दुसऱ्या ग्राहकाला देतां येतो, आणि मग वर्षश्राद्धाचें निमंत्रण त्याच नंबरावर एकाद्या अनोळखी माणसाच्या हातीं पडतें. नंबर काढावा, नांव, गांव आणि तिथि मात्र 'स्मरण' अशा निराळ्या गटांत राहूं द्यावी.

राहतां राहिली यादी तपासण्याची वेळ. पुष्कळजण ती दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर करूं म्हणतात, पण दिवाळींत कोणाला उसंत नसते. खानदेशांत याला आखाजी बरी. सासुरवाशिणी माहेरीं आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, दुपारीं घर भरलेलें असतें. कोणाच्या नणंदेचें बिऱ्हाड नाशिकला गेलें, कोणाच्या दिरानें नंबर बदलला, कोण आतां थाळनेरला राहत नाहीं, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतें. एकानें मोठ्यानें नांवें वाचावींत, बाकीच्यांनीं दुरुस्त्या सांगाव्यात. दोनशें नांवांना तासभर पुरतो.