दाखल्यावरचा धर्म, वेशीबाहेरची जात
(दौंड येथील युवक शिबिरातलं भाषण)



शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाचं नाव तुम्हाला सांगायला नको. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब नदीपलीकडच्या विजयस्तंभापाशी आले, तेव्हापासून आपली पावलं तिकडं वळतात. आज मी तुम्हाला दुसऱ्या दोन जागांवर नेणार आहे. एक खुद्द शिरूर. तिथं एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. दुसरं या दौंड तालुक्यातलं केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उघड्या पडलेल्या बायापोरींसाठी मुक्ती मिशन उभं केलं. शिरूर-नगर पट्ट्यात आपल्यातलीच किती महार-मांग घरं ख्रिस्ती झाली! ती आपली भावकीच. पण सरकारच्या वहीत ती आपली नाहीत.

का नाहीत? घटनेच्या कलम ३४१ खाली १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं : हिंदू असेल तरच अनुसूचित जाती. १९५६ ला शीख आत आले. त्याच साली १४ ऑक्टोबरला आपण नागपूरला बौद्ध झालो आणि दाराबाहेर पडलो. महाराष्ट्र राज्यानं सवलती दिल्या, पण केंद्राचं दार बंदच. माझ्या चुलत्यानं केंद्राच्या एका कचेरीत अर्ज टाकला. साहेब म्हणाला, "दाखल्यावर बौद्ध आहे, तुमची जात गेली." चुलता घरी आला. गावात पाणी तसंच वरनं ओतलं जात होतं. जात गेली ती फक्त साहेबाच्या टेबलावरनं!

दार उघडलं १९९० ला. चौतीस वर्षांनी. ते उघडलं नसतं तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा तुमच्या-माझ्यासाठी नव्हताच. कारण तो कायदा अनुसूचित जातीचा माणूस कोण, हे त्याच यादीवरनं ठरवतो. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव-सणसवाडीत दगड आले, गाड्या जळाल्या, तेव्हा हा कायदा मागायचा हक्क आपल्याला होता. उद्या ख्रिस्ती मांगाच्या घरावर जातीवरनं दगड आला, तर त्यानं काय मागावं? दगड मारणारा काय बाप्तिस्म्याचा दाखला बघून मारतो?

घटना म्हणते, कलम १७, अस्पृश्यता नष्ट. कलम २५, धर्माचं स्वातंत्र्य. कलम ३०, अल्पसंख्याकांनी आपली शाळा काढावी. शाळा काढायची मुभा आहे, पण त्या शाळेतल्या मांगाच्या पोराला अनुसूचित जातीचा दाखला नाही. धर्म घे नाहीतर हक्क घे, हे कसलं स्वातंत्र्य?

आता आपल्या घरातलं बोलतो. आपलेच काहीजण म्हणतात, "वाटेकरी वाढतील." हाच हिशेब १९९० ला आपल्याला लावला असता तर? लोक वाढले तर जागा वाढवून मागा की! भाकरी लहान आहे म्हणून भावाला चुलीपासनं उठवायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं?

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये साफ मांडलं, की अल्पसंख्याक कोण याची खरी कसोटी सामाजिक भेदभाव ही आहे, निव्वळ वेगळा धर्म नाही. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं तिसरा परिच्छेद काढा म्हणून सांगितलं. सरकारनं काढला नाही. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग नेमायचे आणि माणसं तिष्ठत ठेवायची, ही राज्यकर्त्यांची जुनी खोड.

तेव्हा पोरांनो, एवढं करा. पुढच्या मोर्चाच्या मागणीपत्रात आपल्या मागण्यांबरोबर हीही घाला : १९५० च्या आदेशातली धर्माची अट काढा. ख्रिस्ती वस्तीत जा, मुसलमान खाटिक-मेहतरांच्या वस्तीत जा. मागणीपत्रावर त्यांच्या सह्या घ्या, शेजारी आपली करा. चौतीस वर्षं आपण दाराबाहेर उभे होतो. आत आल्यावर आपणच कडी लावायची नाही.

जय भीम!