जुना ट्रॅक्टर घेताना



पैठणकडे मोसंबीची बाग आणि दोन-चार एकर रान असले, की जुना ट्रॅक्टर आणि मागे लावायचे गवत कापायचे यंत्र घ्यावे, असे मनात येते. विचार वाईट नाही. पण पैसा घामाचा आहे. रंग पाहून भुलू नका.

आधी हिशेब करा. भाड्याच्या ट्रॅक्टरला वर्षाकाठी किती देता? थोडे देत असाल, तर भाड्याचाच बरा. घ्यायचाच, तर बागेला 20 अश्वशक्तीच्या आसपासचा पुरे. तो झाडांच्या ओळींत सहज वळतो. मात्र काळ्या रानात खोल नांगरट त्याच्याकडून होईल, अशी आशा धरू नका.

पाहायला सकाळी जा आणि इंजिन थंडच ठेवायला सांगा. तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. निळा धूर येतच राहिला, तर ऑइल जळते आहे असे समजा. अवजार उचलून इंजिन बंद करा; ते झरझर खाली आले, तर हायड्रॉलिकमध्ये दोष आहे. गवताचे यंत्र पी.टी.ओ.वर चालवून पाहा. फिरत्या दांड्यावर झाकण हवेच. त्यात उपरणे अडकले, तर जीव जातो.

शेवटी कागद. इंजिन आणि चेसिसचे नंबर आर.सी.शी ताडून पाहा. बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर कर्ज त्याचे आणि जप्ती तुमच्या दारी! वाचायला अडचण वाटली, तर गावच्या गुरुजींना दाखवा. त्यात कमीपणा नाही.